सकाळी कॉम्प्युटर आपोआप चालू व्हावा म्हणून काय काय करायचं

साताऱ्याच्या घरी बाबांचा कॉम्प्युटर टेबलाखाली आहे. घराघरांत ज्याला सीपीयू म्हणतात तो डबा भिंतीकडच्या कोपऱ्यात, आणि चालू करायचं बटण पार खाली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांना वाकायचं म्हणजे एका हाताने टेबलाची कड धरायची, ऑपरेशनचा पाय मागे लांब सोडायचा आणि दुसऱ्या हाताने चाचपडत बटण शोधायचं. रोज सकाळी सातला ताईचा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल येतो. तिकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, झोपायच्या आधी नातवंडं आजी-आजोबांना भेटून घेतात. तेवढ्यासाठी बाबा रोज ही कसरत करत होते आणि मला ते बघवत नव्हतं.

ठरलेल्या वेळी स्वतःहून चालू व्हायची सोय बहुतेक डेस्कटॉपमध्ये मुळातच असते. वेगळं काही विकत आणावं लागत नाही. तरीही ती नीट बसायला मला पुण्याहून तीन खेपा पडल्या. सेटिंग कुठे आहे ते सापडणं हा यातला सोपा भाग. ते रोज, न चुकता चालावं यासाठी आजूबाजूच्या बऱ्याच गोष्टी जुळाव्या लागतात, आणि त्यांतली सगळ्यात मोठी गोष्ट कॉम्प्युटरच्या आत नसून भिंतीवर असते.

कॉम्प्युटर बंद असताना वेळ कोण बघतं?

मदरबोर्डवर, म्हणजे डब्यातल्या मुख्य सर्किट बोर्डावर, साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल बसवलेला असतो. नंबर सीआर२०३२. त्यातले २० म्हणजे व्यास, मिलिमीटरमध्ये, आणि ३२ म्हणजे जाडी, ३.२ मिलिमीटर. हा ३ व्होल्टचा सेल एका छोट्या घड्याळाला जिवंत ठेवतो. क्वार्ट्झच्या मनगटी घड्याळात सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक असतो, तसाच इथेही. आयबीएमने १९८४ मध्ये आणलेल्या पीसी एटीमध्ये हे घड्याळ होतं आणि त्याला गजरही होता. पण तेव्हाचं पॉवरचं बटण घरातल्या दिव्याच्या बटणासारखं थेट वीज तोडणारं होतं, त्यामुळे गजर झाला तरी मशीन सुरू करणार कोण?

ते १९९५ मध्ये इंटेलच्या एटीएक्स रचनेमुळे बदललं. या रचनेत कॉम्प्युटर 'बंद' केला तरी पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना पुरवणारा भाग, मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक बारीक प्रवाह देतच राहतो. त्याला स्टँडबाय म्हणतात. बंद कॉम्प्युटरच्या आत एखादा हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो तो याच प्रवाहावर. घड्याळाचा गजर झाला की या प्रवाहाच्या जोरावर मदरबोर्ड पॉवर सप्लायला 'चालू हो' असं सांगतो.

म्हणजे कामं दोन आणि वीजही दोन ठिकाणची. वेळ सेलवर चालते, पण उठायची ताकद भिंतीतून येते. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या निम्म्या अडचणी आपल्या आपण सुटतात.

पद्धत पहिली: पूर्ण बंद कॉम्प्युटर, बायोसचा गजर

बायोस म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी चालणारा, मदरबोर्डवरचाच छोटा प्रोग्राम. मशीनची मूळ सेटिंग त्यात असतात. डेस्कटॉप असेल तर हीच पद्धत धरा. विंडोज असो, लिनक्स असो, ही चालते. लिनक्सवर फक्त वेळेचा हिशेब वेगळा, तो शेवटी सांगतो.

बायोसमध्ये जायला कॉम्प्युटर चालू करताना पहिलं चित्र दिसायच्या आत डिलीट किंवा एफ२ हे बटण टकटक दाबत राहा. एचपीवर एफ१०, लेनोव्होच्या डेस्कटॉपवर बहुधा एफ१. मशीन इतकं झटपट सुरू होत असेल की बटण दाबायला फुरसतच मिळत नाही, तर विंडोजमधून जा: स्टार्टमध्ये रिस्टार्टवर क्लिक करताना शिफ्ट दाबून धरा, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज (यूईएफआय म्हणजे बायोसचाच नवा अवतार).

आत गेल्यावर दुसरं काही करायच्या आधी कोपऱ्यातली तारीख आणि वेळ बघा. ती चुकली असेल तर पुढचं सगळंच चुकणार.

आता गजराची जागा. प्रत्येक कंपनीने हिला वेगळं नाव ठेवलंय आणि माणूस अडकतो तो इथेच. असूसच्या बोर्डवर अॅडव्हान्स्डमध्ये एपीएम कॉन्फिगरेशन आणि त्यात 'पॉवर ऑन बाय आरटीसी' (आरटीसी म्हणजे मदरबोर्डवरचं तेच छोटं घड्याळ). एमएसआयवर सेटिंग्ज, अॅडव्हान्स्ड, वेक अप इव्हेंट सेटअप आणि त्यात 'रिझ्यूम बाय आरटीसी अलार्म'. गिगाबाइटवर पॉवरच्या विभागात 'रिझ्यूम बाय अलार्म'. असरॉकवर अॅडव्हान्स्डमधल्या एसीपीआय कॉन्फिगरेशनमध्ये 'आरटीसी अलार्म पॉवर ऑन'. डेलच्या तयार मशीनवर पॉवर मॅनेजमेंटखाली 'ऑटो ऑन टाइम', आणि लेनोव्होवर पॉवर, ऑटोमॅटिक पॉवर ऑन, 'वेक अप ऑन अलार्म'. तुमच्याकडे यांतलं एकही नाव नसेल तर पॉवर, वेक, अलार्म किंवा आरटीसी यांपैकी एखादा शब्द जिथे दिसेल ते पान उघडून बघा.

सापडलं की एनेबल्ड करा. मग दिवस. असूसवर दिवसाच्या जागी ० ठेवलं की रोज, १५ ठेवलं की फक्त महिन्याच्या १५ तारखेला. 'सकाळी ७ ला' म्हणून दिवसाच्या रकान्यात ७ टाकलं की कॉम्प्युटर महिन्यातून एकदाच उठतो. ही चूक फार सहज होते. डेलवर एव्हरी डे, वीकडेज किंवा हवे ते वार निवडता येतात. मग तास, मिनिट, सेकंद. तास बहुतेक ठिकाणी २४ च्या हिशेबात असतात, संध्याकाळचे साडेसहा म्हणजे १८:३०.

वेळ थोडी आधीची ठेवा. बाबांच्या मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, चालू झाल्यापासून हाताशी यायला तिला चार-पाच मिनिटं लागतात. म्हणून सातच्या कॉलसाठी मी ६:४५ लावलं. एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, असेल तर दोन मिनिटं पुरतात.

त्याच भागात 'ईआरपी' किंवा 'ईआरपी रेडी' नावाची ओळ असेल तर ती डिसेबल्ड करा. युरोपच्या नियमानुसार बंद यंत्राने नगण्य वीज खावी, २०१३ पासून अर्ध्या वॅटपेक्षा जास्त नाही, म्हणून ही सोय आली. ती चालू असली की मदरबोर्ड स्टँडबायची जवळजवळ सगळी कामं थांबवतो आणि त्यात गजरही जातो. गजर बरोबर लावलाय, वेळ बरोबर आहे, तरी मशीन ढिम्म, असं झालं तर आधी ईआरपी बघायची.

आता एफ१० दाबून सेव्ह करायच्या आधी मोबाइलने त्या पानाचा फोटो काढून ठेवा. हा सल्ला मी हौसेने देत नाहीये, पुढे कळेल.

पाच मिनिटांची चाचणी

उद्या सकाळची वाट बघू नका. गजर आत्तापासून सात-आठ मिनिटांनंतरचा लावा, सेव्ह करा, विंडोज पूर्ण सुरू होऊ द्या आणि शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. शिफ्ट यासाठी की विंडोज ८ पासून साधं शट डाउन हे अर्धवट असतं. फास्ट स्टार्टअपच्या सोयीसाठी विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवतं. शिफ्टने खरं पूर्ण बंद होतं आणि चाचणी स्वच्छ होते. शिफ्टने बंद केल्यावर गजर चालतो पण साध्या शट डाउनने चालत नाही असं दिसलं, तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप काढून टाका.

पंख्याचा आवाज सुरू झाला, कीबोर्डचे दिवे लागले, की झालं. आता खरी वेळ लावा.

भिंतीवरचं बटण

पहिल्या खेपेला चाचणी दोनदा केली, दोन्ही वेळा उत्तम. मी निर्धास्त पुण्याला आलो. दुसऱ्या दिवशी पावणेसातला बाबांचा फोन: "अरे, नाही चालू झाला."

"बाबा, रात्री तुम्ही बोर्डाचं बटण बंद केलं होतंत का?"

"म्हणजे काय! रोजच करतो. रात्रभर कशाला चालू ठेवायचं?"

आपल्याकडची ही सवय चांगलीच आहे. झोपायच्या आधी टीव्ही, मिक्सर, चार्जर सगळ्यांची बटणं बंद करत घरभर एक फेरी मारायची, हे मीही त्यांच्याकडूनच शिकलो. पण गजरासाठी ते बटण चालू लागतं. बटण बंद केलं की घड्याळ चालतं, गजरही लक्षात राहतो, फक्त उठवायला वीज नसते. एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण, यूपीएसचं बटण आणि सीपीयूच्या मागचं काळं बटण, हे सगळं या साखळीत येतं. एकही तुटून चालत नाही.

बाबांची शंका बिलाची होती, म्हणून त्यांच्यासमोर हिशेब मांडला. बंद कॉम्प्युटर समजा २ वॅट खात असेल, तर २४ तास आणि ३० दिवस मिळून १,४४० वॅट-तास, म्हणजे महिन्याला दीड युनिटच्या आत. मॉनिटर आणि स्पीकर वेगळ्या बटणावर घेतले, ते रात्री खुशाल बंद करा म्हटलं. सीपीयूच्या बटणावर लाल चिकटपट्टी लावली. ती आजही आहे.

विजांच्या दिवसांत मात्र उलट. वळवाच्या पावसात किंवा ऑक्टोबरमध्ये कडकडाट सुरू झाला की पिन सरळ काढून ठेवायची, दुसऱ्या दिवशी हाताने चालू करायचा. एका कॉलसाठी मदरबोर्ड जाळून घेऊ नये.

वीज गेली आणि आली तर

दुसरी खेप याच्यामुळे पडली. बायोसमध्ये 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा 'एसी बॅक' अशी एक ओळ असते (एसी म्हणजे इथे भिंतीतली वीज) आणि तिला तीन पर्याय असतात: वीज परत आल्यावर बंदच राहा, चालू हो, किंवा आधी जसा होतास तसा हो. मी 'चालू हो' ठेवलं होतं, वाटलं बरंच आहे. पण रात्री अडीचला वीज जाऊन आली की कॉम्प्युटर अडीचलाच सुरू व्हायचा. पावसाळ्यात वीज तासाभरात चार वेळा जाते-येते, तेव्हा चारही वेळा सुरू व्हायचा, आणि विंडोज अर्धं सुरू झालेलं असताना वीज परत जायची. फिरत्या हार्ड डिस्कला याच्यासारखा त्रास नाही. आई म्हणाली, रात्री डब्यातून भुतासारखा घुं आवाज येतो.

घरच्या कॉम्प्युटरला 'बंदच राहा' हा पर्याय योग्य. गजराच्या वेळी वीज असेल तर तो चालू होईल. गजराच्या क्षणीच वीज नसेल तर तो दिवस हुकेल, एवढं मान्य करायचं. रोजचा भरवसा हवाच असेल तर डबा यूपीएस किंवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

जुना मदरबोर्ड, ज्यात गजरच नाही

वीज परत आल्यावर काय करायचं ही वरची ओळ इथे मात्र कामी येते. 'चालू हो' निवडा आणि सीपीयू वेळ लावता येणाऱ्या स्मार्ट प्लगवर घ्या. सकाळी ६:४५ ला प्लग चालू झाला की कॉम्प्युटरला वाटतं वीज आली, तो उठतो. इथे 'आधी जसा होतास तसा' हा पर्याय चालत नाही, कारण आधी तो बंद होता. प्लग रात्री बंद होण्याची वेळ कॉम्प्युटर बंद झाल्यानंतर किमान तासभराने ठेवा. चालू मशीनची वीज प्लगने कधीही तोडू नका. अपडेटच्या रात्री विंडोज बंद व्हायला अर्धा तासही घेतं. वीज वारंवार जाणाऱ्या गावी मी ही पद्धत सुचवणार नाही.

पद्धत दुसरी: झोपलेला कॉम्प्युटर, विंडोजचा गजर

बहुसंख्य घरगुती लॅपटॉपच्या बायोसमध्ये गजर नसतो. तिथे मशीन पूर्ण बंद न करता स्लीप किंवा हायबरनेटमध्ये ठेवायचं आणि विंडोजमधल्या टास्क शेड्यूलरला, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सोयीला, उठवायला सांगायचं. विंडोजचा हा गजर शट डाउन केलेल्या मशीनला उठवत नाही. तरीही लोक टास्क लावून शट डाउन करतात आणि सकाळी काळ्या पडद्याकडे बघत बसतात.

स्टार्टमध्ये टास्क शेड्यूलर शोधून उघडा, उजवीकडे क्रिएट टास्क. साधं 'बेसिक टास्क' घेऊ नका, त्यात गजराची खूण लगेच समोर येत नाही. जनरलमध्ये नाव द्या. ट्रिगर्समध्ये न्यू, डेली, वेळ. अॅक्शन्समध्ये जे सुरू व्हायला हवं तो प्रोग्राम निवडा. कंडिशन्समध्ये 'वेक द कॉम्प्युटर टू रन धिस टास्क'वर टिक करा. तिथेच 'फक्त एसी पॉवर असेल तरच' अशा अर्थाची टिक आधीपासून असते. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवणार असाल तर राहू द्या, नाहीतर काढा.

एवढ्यावर थांबू नका. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तुमच्या प्लॅनचं चेंज प्लॅन सेटिंग्ज, चेंज अॅडव्हान्स्ड, आणि स्लीपखाली 'अलाउ वेक टायमर्स' एनेबल करा. 'इम्पॉर्टंट वेक टायमर्स ओन्ली' असं असेल तर तुमचं टास्क त्यात धरलं जात नाही. गजर नोंदवला गेला का हे तपासायला कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी हा एक शब्द, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून वेकटायमर्स असं लिहा. टास्कचं नाव आणि वेळ दिसली पाहिजे. वेकटायमर्सच्या जागी लास्टवेक लिहिलं तर मागच्या वेळी कशाने जाग आली ते कळतं.

टास्कने उठलेला कॉम्प्युटर कोणी माउसला हात लावला नाही तर साधारण दोन मिनिटांत परत झोपतो. सहाला उठला होता की नाही याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे तुम्ही समोर असाल अशा वेळेच्या जवळचीच वेळ ठेवा, किंवा असा प्रोग्राम सुरू करा जो मशीनला जागं ठेवतो, उदाहरणार्थ व्हिडिओ चालवणारा.

गजर लावलेला लॅपटॉप बॅगेत कोंबून ठेवू नका. बंद बॅगेत उठला तर चांगलाच तापतो.

मॅकवर २०२२ च्या व्हेंचुरापासून वेळ लावायचं पान सेटिंग्जमधून गेलं. आता टर्मिनलमधून पीएमसेट या कमांडने लावावं लागतं, आणि मॅकबुक बंद अवस्थेतून चालू व्हायला चार्जर जोडलेला हवा.

चालू झाला, पुढे?

पासवर्डच्या पानावर कॉम्प्युटर थांबतो. बाबांना पासवर्ड टाकायला काही त्रास नाही, ते खुर्चीवर बसून होतं, म्हणून मी तो काढला नाही. त्या मशीनवर त्यांचं पेन्शनचं खातं आणि बँकेचे कागद आहेत. आपोआप लॉगिन फक्त अशाच मशीनवर ठेवा जिथे गाण्यांखेरीज काही नाही. बायोसमध्ये चालू होतानाचा पासवर्ड लावलेला असेल तर मात्र मशीन तिथेच अडून राहतं, तो काढावा लागतो.

कॉलचा प्रोग्राम लॉगिन झाल्याबरोबर उघडावा यासाठी सेटिंग्ज, अॅप्स, स्टार्टअप इथे त्याचं बटण चालू करा.

रात्री बंद करायची वेळही लावता येते. टास्क शेड्यूलरमध्ये प्रोग्रामच्या जागी शटडाउन आणि आर्ग्युमेंट्सच्या रकान्यात तिरकी रेघ एस, जागा, तिरकी रेघ टी, जागा, ३००. तीनशे सेकंद म्हणजे पाच मिनिटं आधी सूचना येते, चालू काम सेव्ह करता येतं.

काही दिवसांनी बिघडलं तर

तिसरी खेप सेलमुळे. गजर सहा महिने छान चालला आणि मग एका आठवड्यात दोनदा हुकला. बायोस उघडलं तर घड्याळ पंचवीस मिनिटं मागे. सेल संपत आला होता. मशीनची पिन वरचेवर काढून ठेवली की सेल लवकर उतरतो, कारण तेव्हा घड्याळाचा सगळा भार त्याच्यावर असतो. बदलताना आधी पिन काढायची, सेलच्या कडेची छोटी खीळ बाजूला सरकवली की तो उसळून वर येतो, नवा बसवताना अधिकचं चिन्ह वर. सेल काढला की बायोसची सगळी सेटिंग मूळ पदावर जातात. मोबाइलमधला तो फोटो तेव्हा कामाला आला, पाच मिनिटांत सगळं पूर्ववत लावलं.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असेल तर आणखी एक पेच. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स बहुधा जागतिक वेळ, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. लिनक्स चालवून बंद केलं आणि गजर ६:०० चा असेल तर कॉम्प्युटर साडेअकराला उठेल. फक्त लिनक्स वापरत असाल तर सकाळी सहासाठी बायोसमध्ये ००:३० लावा.

असरॉकवर गजराच्या ओळीत 'बाय ओएस' असाही पर्याय दिसतो. तो निवडला की बायोस स्वतःची वेळ बघत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेली बघतं. आपल्याला एनेबल्ड हवं.

आणि परदेशातल्या माणसांशी बांधलेली वेळ असेल तर कॅलेंडरवर दोन खुणा करा. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे येतात. ताईचे रात्रीचे साडेनऊ हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे आठ होतात. बायोसला हे कळत नाही. आम्ही दिवाळीला साताऱ्याला जातो त्याच सुमारास मी ६:४५ चे ७:४५ करून येतो, आणि मार्चमध्ये बाबा स्वतः बदलतात. बायोसचं ते पान मी त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

गणपतीला किंवा लग्नकार्याला घर बंद करून जाणार असाल तर गजर बंद करत बसू नका. पिन काढून ठेवा. परत आल्यावर पिन लावा, एकदा हाताने चालू करून घड्याळ बघून घ्या. दुसऱ्या दिवसापासून तो ठरल्या वेळी उठेल.